सरचार्ज भरला, मग डॉक्टर कुठे आहे?

इंग्लंडमध्ये नव्याने आलेल्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सप्टेंबर उजाडला की एक प्रश्न हमखास पडतो. "व्हिसाच्या वेळी हेल्थचे पैसे भरलेत. मग आमचा डॉक्टर कोण?"

कोणीच नाही. पैसे भरल्याने तुमचं नाव आपोआप कुठल्याच डॉक्टरच्या यादीत जात नाही. याची दुसरी बाजू फार कमी जणांना माहीत असते. एक पेनीही न भरलेल्या माणसाचं नाव त्या यादीत जाऊ शकतं. हेल्थ सरचार्ज (व्हिसाच्या वेळी भरलेले ते पैसे) आणि जीपीकडची, म्हणजे आपल्या भागातल्या फॅमिली डॉक्टरकडची नोंदणी या दोन वेगळ्या खिडक्या आहेत. गंमत अशी, की यात आपल्याइतकाच घोळ कधीकधी काउंटरपलीकडच्या रिसेप्शनिस्टच्या डोक्यातही असतो, आणि बहुतेक अडचणी तिथूनच सुरू होतात.

सरचार्ज हा व्हिसाचा मामला. सहा महिन्यांहून जास्त मुदतीच्या व्हिसासाठी ब्रिटनबाहेरून अर्ज करताना तो गृहखात्याला द्यायचा, तोही सगळ्या वर्षांचा एकदम. एप्रिल २०१५ मध्ये तो सुरू झाला तेव्हा वर्षाला २०० पौंड होता. फेब्रुवारी २०२४ पासून मोठ्या माणसाला वर्षाला १,०३५ पौंड, विद्यार्थ्यांना आणि अठरा वर्षांखालच्या मुलांना ७७६ पौंड. नवरा-बायको आणि दोन मुलं तीन वर्षांसाठी निघाली, तर या दराने १०,८६६ पौंड विमानात बसायच्या आधीच गेले. (हेल्थ अँड केअर वर्कर व्हिसावर येणाऱ्यांना मात्र यातून सूट आहे.) एवढी रक्कम गेल्यावर माणसाला वाटणारच, की आता सगळं झालं.

झालेलं असतं एवढंच, की हॉस्पिटलात इथल्या रहिवाशांप्रमाणे उपचार होतील, बिल येणार नाही. दाताचा डॉक्टर, चष्मा, डोळ्यांची तपासणी यांचे पैसे इथल्या लोकांना पडतात तसेच तुम्हालाही पडतात. औषधाच्या चिठ्ठीवरच्या प्रत्येक औषधाला इंग्लंडमध्ये ९.९० पौंड द्यावे लागतात.

पण त्या हॉस्पिटलात पोचायचं कसं? पुण्यात गुडघा दुखला तर आपण ओळखीच्या कुणाला तरी विचारून थेट हाडांच्या डॉक्टरकडे जातो. इथे तसं चालत नाही. अपघात किंवा तातडीचं काही सोडलं, तर तज्ज्ञाकडचा रस्ता सहसा जीपीच्या केबिनमधूनच जातो. एनएचएस, म्हणजे इथली सरकारी आरोग्यसेवा, १९४८ साली सुरू झाली, पण बहुतेक जीपी तेव्हाही तिचे नोकर नव्हते आणि आजही नाहीत. ते कंत्राटावर दवाखाना चालवतात आणि त्यांना मिळणाऱ्या पैशांचा मोठा भाग यादीवर किती रुग्ण आहेत यावर ठरतो. म्हणून इथे यादीला एवढं महत्त्व. आपल्याकडच्या सरकारी दवाखान्यात दर खेपेला केसपेपर काढतात, इथे तो एकदाच निघतो आणि घर बदललं की तुमच्या मागोमाग नव्या दवाखान्यात येतो.

आता काउंटरवर काय होतं ते. "पासपोर्ट दाखवा. व्हिसा दाखवा. बीआरपी कार्ड आणा. दोघांच्या नावाचं विजेचं बिल आणा." बिचारी नवी जोडी. भाडेकरार नवऱ्याच्या नावावर, वीज घरमालकाच्या नावावर, बँकेचं खातं अजून उघडायचंय. बायकोकडे तर पत्त्याचा एकही कागद नाही. बीआरपी म्हणजे व्हिसाचा पुरावा म्हणून मिळायचं ते कार्ड. त्या कार्डांची मुदत २०२४ च्या अखेरीस संपली, आता व्हिसा ऑनलाइन असतो. तरी काही ठिकाणी ते कार्ड अजून मागतात. माझ्या एका मैत्रिणीला तीन आठवड्यांत तीनदा परत पाठवलं आणि दर वेळी नवा कागद सांगितला.

नियम याच्या नेमका उलट आहे. इंग्लंडमध्ये जीपीकडे नाव घालायला ओळखपत्र, पत्त्याचा पुरावा किंवा व्हिसाचा कागद असलाच पाहिजे असं बंधन नाही. दवाखाना कागद मागू शकतो, पण तो नाही म्हणून नोंदणी नाकारणं एनएचएसच्या मार्गदर्शनात बसत नाही. नकार द्यायला रास्त कारण लागतं: अधिकृतपणे यादी बंद आहे, किंवा तुमचं घर त्यांच्या हद्दीबाहेर आहे, अशा प्रकारचं. आणि ते कारण १४ दिवसांच्या आत लेखी कळवावं लागतं. त्यामुळे भांडत बसण्यापेक्षा शांतपणे एवढंच म्हणावं, "ठीक आहे, हे मला लिहून द्या." माझ्या अनुभवात या एका वाक्याने जेवढं काम होतं तेवढं पाच झेरॉक्सनी होत नाही. एनएचएसच्या संकेतस्थळावरचा ऑनलाइन नोंदणी अर्ज भरला तर काउंटरचा प्रसंगच बहुधा टळतो. तरीही अडलं, तर तुमच्या भागाच्या इंटिग्रेटेड केअर बोर्डाकडे, म्हणजे एनएचएसच्या स्थानिक मंडळाकडे जाता येतं.

हद्दीचं कारण मात्र खरं असू शकतं. पत्ता पोस्टकोडवर तपासतात, आणि रस्त्याची एक बाजू आत, दुसरी बाहेर असंही होतं. जानेवारी २०१५ पासून हद्दीबाहेरच्या माणसाला घेण्याची मुभा दवाखान्यांना आहे, पण ती सक्ती नाही, आणि अशा रुग्णाच्या घरी जाऊन तपासण्याची जबाबदारी त्यांच्यावर नसते.

आणखी एक घोळ आकड्यांचा. रिसेप्शनिस्ट एनएचएस नंबर विचारते आणि आपण व्हिसाच्या ईमेलमधून आयएचएस नंबर वाचून दाखवतो. आयएचएस नंबर म्हणजे सरचार्जची पावती. एनएचएस नंबर दहा आकडी असतो. पहिल्यांदाच आलेल्या माणसाकडे तो नसतोच, कारण तो नोंदणीनंतर मिळतो. "अजून नाही" हे पूर्ण आणि बरोबर उत्तर आहे.

हा सगळा फरक खरा कळतो तो आई-बाबा सहा महिन्यांसाठी आल्यावर. ते व्हिजिटर व्हिसावर असतात, त्यांनी सरचार्ज भरलेला नसतो, आणि भरायचं म्हटलं तरी त्या व्हिसावर सोय नाही. मग घरात सगळे धरून चालतात की त्यांना जीपी दाखवताच येणार नाही. बाबांचा खोकला तीन आठवडे मधाच्या चाटणावर काढला जातो.

जीपीचा सल्ला इंग्लंडमध्ये असलेल्या कुणालाही मोफत आहे, पाहुण्यालासुद्धा. मुक्काम २४ तासांहून जास्त पण तीन महिन्यांहून कमी असेल तर तात्पुरती नोंदणी होते, त्याहून लांब असेल तर कायमची म्हणतात ती. नोंदणीच्या जीएमएस-१ या अर्जावरच छापलेलं आहे की इंग्लंडमधला कुणीही जीपीकडे नाव घालू शकतो. रिसेप्शनिस्ट ऐकत नसेल तर त्याच ओळीवर बोट ठेवा.

मात्र त्याच अर्जात पुढे असंही म्हटलं आहे, की इथले रहिवासी नसाल तर दवाखान्याबाहेरच्या उपचारांचे पैसे पडू शकतात. सरचार्जचा संबंध येतो तो इथे. जीपीने बाबांना हॉस्पिटलात पाठवलं आणि तिथे तपासण्या सुरू झाल्या, तर पाहुण्याला एनएचएसच्या दराच्या दीडपट बिल लागतं. तातडीचं नसेल तर पैसे आधी मागतात. तातडीचं असेल तर उपचार थांबवत नाहीत, बिल मागून येतं. अपघात विभागातली तपासणी मोफत, पण तिथून दाखल करून घेतलं की मीटर सुरू. क्षयरोगासारख्या काही संसर्गांच्या उपचाराला पैसे नाहीत. भारताशी ब्रिटनचा या बाबतीत परस्पर करार नाही, त्यामुळे ती पळवाटही नाही. ५०० पौंड किंवा त्याहून जास्त बिल दोन महिने थकलं तर पुढचा व्हिसा नाकारला जाऊ शकतो. म्हणजे नातवाच्या मुंजीला यायचं तिकीट अडकलं.

तेव्हा आई-बाबांची नोंदणी जरूर करा, पण ती हॉस्पिटलचा पास समजू नका. प्रवासाचा विमा काढताना बीपी, मधुमेह, जुनी अँजिओप्लास्टी सगळं खरं खरं लिहा, नाहीतर ऐनवेळी विमा कंपनी हात वर करते. मुक्काम असेल तेवढ्या दिवसांच्या गोळ्या तिकडूनच आणायला सांगा, आणि सोबत डॉक्टरांची चिठ्ठी, ज्यात कंपनीचं नाव न लिहिता औषधाचं मूळ नाव लिहिलेलं असेल.

आणि हो, आईला आधीच सांगून ठेवा की इकडे जीपीच्या दवाखान्याला "सर्जरी" म्हणतात. माझ्या आईला मी सकाळी गडबडीत "दहा वाजता सर्जरीला जायचंय" म्हणाले, तर तिने काही न बोलता नाश्ता बाजूला सारला. उपाशीपोटी जावं लागेल म्हणून.