धान्य व तेलबियांचे भाव : हवामान आणि व्यापारवार्तांचा परिणाम

पाऊसपाणी, दुष्काळ, थंडीची लाट, निर्यातबंदी, आयातशुल्क, युद्ध, सरकारी पीक-अंदाज इत्यादींच्या बातम्यांमुळे गहू, मका, तांदूळ या धान्यांच्या आणि सोयाबीन, मोहरीवर्गीय बिया, सूर्यफूल, पाम यांच्या भावांत होणारा चढउतार. हा परिणाम दोन वाटांनी होतो. पहिली वाट मालाची : पीक बुडते, आवक घटते, भाव चढतो. दुसरी अपेक्षेची : पीक अजून शेतात उभे असते, पण त्यातून हाती काय लागेल याविषयीचे मत बदलते आणि भाव आजच हलतो. वायदेबाजार (पुढील महिन्यांत द्यायच्या मालाचे सौदे आज करणारा बाजार) रुळल्यापासून मोठ्या हालचाली बहुधा दुसऱ्या वाटेने झालेल्या दिसतात. एकाच तोडीची बातमी एका वर्षी भाव दुप्पट करते आणि दुसऱ्या वर्षी आठवडाभरात विरून जाते. याचा उलगडा बातमीपेक्षा कोठारांतील शिल्लक साठ्यात शोधावा लागतो.

तूट व भाववाढ यांचे प्रमाण : पीक अमुक प्रमाणात घटले तर भाव किती चढावा, याचे सर्वांत जुने ज्ञात कोष्टक ‘किंगचा नियम’ या नावाने ओळखले जाते. त्यानुसार सुगीत एक दशांश तूट आल्यास भाव नेहमीपेक्षा तीन दशांशांनी, दोन दशांश तुटीस आठ दशांशांनी, तीनला सोळा, चारला अठ्ठावीस आणि पाच दशांश म्हणजे निम्म्या तुटीस पंचेचाळीस दशांशांनी वाढतो. निम्मे पीक गेले तर भाव साडेपाचपट, असा याचा अर्थ. त्यातून निघणारा निष्कर्ष त्या काळीही चमत्कारिक वाटला असावा : नेहमीच्या नऊ दशांश पिकाचे तेरा दशांश भावाने शंभराच्या जागी ११७ येतात, म्हणजे कमी पिकाचे एकूण पैसे जास्त होतात. अर्थात हा हिशेब सर्व शेतकऱ्यांचा मिळून आहे. ज्याचे शेत करपले त्याच्या पदरात वाढीव भावातून काहीच पडत नाही.

या नियमाच्या कर्तृत्वाविषयी मतभेद आहेत. ग्रेगरी किंग या इंग्रज संख्याशास्त्रज्ञाने १६९६ च्या सुमारास इंग्लंडची लोकसंख्या व संपत्ती यांचे अंदाज बांधले. ते लिखाण बऱ्याच उशिरा, १८०२ मध्ये, छापले गेले. प्रस्तुत कोष्टक मात्र चार्ल्स डॅव्हनंट या इंग्रज अर्थलेखकाच्या १६९९ मधील व्यापारशेषावरील (आयात-निर्यातीतील फरकावरील) ग्रंथात आढळते. डॅव्हनंटने किंगची आकडेवारी मुक्तहस्ते वापरली आणि इतरत्र तिचे श्रेयही दिले. कोष्टकाच्या आधी मात्र ‘आम्ही असे धरतो’ अशा अर्थाचे शब्द येतात. त्यातील ‘आम्ही’ कोण, हाच वादाचा मुद्दा. एकोणिसाव्या शतकातील लेखकांनी ते सरसकट किंगच्या नावावर टाकले. विसाव्या शतकातील संशोधनाचा कल डॅव्हनंटला निदान निम्मे श्रेय देण्याकडे असून ‘किंग–डॅव्हनंट नियम’ हे जोडनाव त्यातून रूढ झाले. हे नाव अधिक सुरक्षित म्हणता येईल. कोष्टकातील आकडे प्रत्यक्ष बाजारभावांवरून काढले की अनुभवाच्या अदमासाने मांडले, हेही निश्चित नाही. त्यांतील नियमितपणा पाहता दुसरी शक्यता अधिक वाटते.

डब्ल्यू. एस. जेव्हन्झ या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने १८७१ मध्ये या आकड्यांना एक सूत्र बसवले : पिकाचे प्रमाण क्ष धरल्यास भाव = ०.८२४ ÷ (क्ष − ०.१२)². निम्म्या पिकाला ते सुमारे ५.७ पट भाव देते, म्हणजे कोष्टकाच्या जवळच. सूत्राची नजाकत मान्य केली तरी त्याने मूळ आकड्यांची विश्वासार्हता वाढत नाही. याच जेव्हन्झने पुढे सूर्यावरील डाग, सुगी व व्यापारी मंदी यांची सांगड घालण्याचा प्रयत्न केला. त्याच्याआधी १८०१ मध्ये विल्यम हर्शेल या ज्योतिर्विदाने सौर डाग आणि गव्हाचे भाव यांचा संबंध सुचवला होता. हे दोन्ही सिद्धांत आता टाकून दिलेले आहेत. मात्र आकाशाकडे पाहून भाव सांगण्याच्या खटपटीचा तो आरंभीचा पद्धतशीर नमुना होय.

साठ्याचे कार्य : किंग–डॅव्हनंट कोष्टकात मागच्या वर्षीच्या शिल्लक धान्याला जागा नाही, हा त्यातील मोठा दोष. साठा भरपूर असेल तर तूट कोठारातून भरून निघते. तो तळाला गेला की शेवटच्या पोत्यासाठी चढाओढ लागते आणि भाव सरळ रेषेत न चढता उसळतो. म्हणून व्यापारी शिल्लक साठ्याचे वार्षिक वापराशी असलेले गुणोत्तर पाहतात. निकोलस कॅल्डॉर (१९३९) आणि हॉलब्रुक वर्किंग (१९४९) या अर्थशास्त्रज्ञांनी साठवणुकीचा सिद्धांत मांडला. माल मुबलक असताना दूरच्या महिन्याचा वायदा जवळच्यापेक्षा साधारण गोदामभाडे व व्याज यांइतका वर असतो. टंचाईत हे उलटते आणि हातातल्या मालाला अधिक भाव मिळतो. त्यामुळे बातमीचा खरा अर्थ कित्येकदा भावापेक्षा दोन महिन्यांच्या वायद्यांतील फरकावरून आधी कळतो. जुन्या पिकाचा वायदा नव्यापेक्षा वेगाने चढू लागला, तर टंचाई पावसाची नसून आजच्या मालाची आहे असे समजतात.

साठ्याचा जागतिक आकडाही जपून घ्यावा लागतो. अमेरिकी कृषी खात्याच्या अंदाजानुसार गव्हाच्या जागतिक शिल्लक साठ्यापैकी सुमारे निम्मा चीनमध्ये आहे. तो निर्यातीसाठी बाहेर येत नाही. भाव ठरतो तो प्रमुख निर्यातदार देशांकडील साठ्यावर.

हवामानवार्ता : प्रत्येक पिकाचा एक नाजूक काळ असतो आणि बाजाराचे कान त्याच वेळी टवकारलेले असतात. अमेरिकेच्या मकापट्ट्यात तो जुलैमध्ये येतो. तुऱ्यातील पराग कणसाच्या केसांवर पडण्याच्या साधारण दोन आठवड्यांत उष्णता व कोरड एकत्र आली तर केस सुकतात, दाणा धरत नाही आणि पुढे कितीही पाऊस पडला तरी कणीस बोडकेच राहते. सोयाबीन अधिक दिवस फुलत राहत असल्याने त्याला ऑगस्टच्या पावसावर सावरता येते. हिवाळी गव्हाला बर्फाचे पांघरूण नसताना आलेली कडक थंडी मारक ठरते. काढणीच्या वेळचा पाऊस गव्हाचे वजन फारसे घटवत नाही, पण उभ्या ओंब्यांत दाणे मोडवून त्याची दळणाची प्रत घालवतो. मग पशुखाद्याच्या गव्हाचा भाव पडतो आणि पावाच्या गव्हाचा चढतो, असा दुहेरी परिणाम दिसतो. ब्राझीलमध्ये सोयाबीन काढल्यावर त्याच रानात दुसरे पीक म्हणून मका पेरतात. सोयाबीनची काढणी पावसाने लांबली तर मक्याची पेरणी कोरड्या दिवसांत ढकलली जाते. म्हणजे एका पिकाच्या पावसाची बातमी दुसऱ्या पिकाची ठरते.

तेलताडाचे (पामतेल देणाऱ्या झाडाचे) गणित निराळे आहे. झाड बारमाही फळते आणि दुष्काळाचा फटका घडांच्या संख्येवर व वजनावर साधारण सहा महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंत उशिरा उमटतो. २०१५–१६ च्या एल निनोनंतर (प्रशांत महासागराचे पाणी तापण्याच्या घटनेनंतर) २०१६ मध्ये मलेशियाचे पामतेल उत्पादन घटले ते यामुळेच. पुराचा परिणाम मात्र लगेच होतो, कारण घड उतरवणेच थांबते.

२०१२ चा अमेरिकी दुष्काळ या विषयातील पाठ्यपुस्तकी उदाहरण होय. हंगामाच्या आरंभी मक्याचा एकरी उतारा १६६ बुशेल धरलेला होता (मक्याचा एक बुशेल म्हणजे सुमारे २५.४ किग्रॅ.). जूनच्या मध्यास नव्या पिकाचा वायदा बुशेलला ५ डॉलरच्या आसपास होता. १० ऑगस्टला कृषी खात्याने उतारा एकदम १२३ वर आणला. त्याच दिवशी शिकागोच्या बाजारात मक्याने ८.४० डॉलरच्या पलीकडे विक्रम गाठला आणि तेथूनच तो परतला. अखेरचा उताराही १२३ च्याच घरात निघाला. सर्वांत वाईट बातमी खरी ठरली, पण ती भावात आधीच मुरलेली असल्याने कळस आणि उतार एकाच दिवशी आले. जूनमधील धास्तीने चढलेला आणि चांगल्या पावसाने उतरलेला भाव तर जवळजवळ दरवर्षी दिसतो. दुष्काळ पडलाच नाही तरी त्याची किंमत आधी मोजली जाते.

अंदाज व अहवाल : अमेरिकी कृषी खात्याचा जागतिक पुरवठा-मागणीचा मासिक अंदाज १९७३ पासून निघतो. तो आधी फुटू नये म्हणून बंदिस्त खोलीत तयार केला जातो आणि ठरलेल्या मिनिटाला जाहीर होतो. बाजार त्यातील आकडा पाहतो, पण मोजतो तो अपेक्षेपासूनचे अंतर. २०१९ च्या वसंतात अतिवृष्टीने पेरण्या खोळंबल्या आणि जूनमध्ये मका साडेचार डॉलरच्या वर गेला. व्यापाऱ्यांनी सरासरी ८८० लाख एकर पेरा धरला होता. १२ ऑगस्टच्या अहवालात ९०० लाख एकर निघाला. फरक सव्वादोन टक्क्यांच्या आसपास, पण वायदा त्या दिवशी एका दिवसात मुभा असलेल्या कमाल मर्यादेने, म्हणजे २५ सेंटांनी, कोसळला.

व्यापारवार्ता : पावसाची बातमी पुरवठा किती आहे हे सांगते, व्यापाराची बातमी तो कोणाला मिळेल हे सांगते. निर्यातबंदीने देशातील भाव दबतो आणि बाहेरचा चढतो, तर आयातशुल्काने निर्यातदाराच्या दारी भाव पडतो. ५ ऑगस्ट २०१० रोजी रशियाने दुष्काळामुळे धान्यनिर्यातबंदी जाहीर केली. येथे हवामानाची बातमी धोरणाच्या बातमीने दुणावली. ६ जुलै २०१८ पासून चीनने अमेरिकी सोयाबीनवर २५ टक्के जादा शुल्क लावले. शिकागोचा भाव सुमारे दहा वर्षांच्या नीचांकाकडे गेला आणि ब्राझीलच्या बंदरांतील अधिमूल्य (शिकागोच्या भावावर मिळणारी जादा रक्कम) वाढले. जगात सोयाबीन तेवढेच होते, बदलली ती फक्त जहाजांची दिशा.

१९७३ चे उदाहरण अधिक दूरगामी ठरले. पेरूजवळील अँकोव्ही माशांचा हंगाम एल निनोच्या सुमारास बुडाला, पशुखाद्यातील मासळीच्या भुकटीची जागा सोयापेंडीने घेतली आणि जूनमध्ये सोयाबीन बुशेलला १२ डॉलरच्या पलीकडे गेले. २७ जून रोजी अमेरिकेने निर्यात रोखली. बंदी काही दिवसांतच परवाना-पद्धतीत बदलली, पण हादरलेल्या जपानने पुढे ब्राझीलमधील सेरादो प्रदेशाच्या विकासाला पैसा पुरवला. भावाची बातमी आठवड्यात जुनी झाली. स्पर्धक मात्र कायमचा उभा राहिला.

२००८ मधील तांदूळ हे पीक न बुडता आलेल्या तेजीचे उदाहरण. उत्पादनापैकी जेमतेम ७ टक्के तांदूळ देशोदेशी विकला जात असल्याने भारत, व्हिएतनाम इत्यादींच्या निर्बंधांनी आणि आयातदारांच्या घाईने थायलंडचा भाव टनाला १,००० डॉलरच्या आसपास पोहोचला. जपान आपला आयात केलेला साठा सोडणार या नुसत्या वार्तेने तो उतरू लागला. मार्टिन व अँडरसन या अर्थशास्त्रज्ञांच्या मते २००८ पर्यंतच्या भाववाढीपैकी तांदळात सुमारे ४५ व गव्हात जवळपास ३० टक्के वाटा देशांनी आपापले भाव वाचवण्यासाठी केलेल्या उपायांचा होता. याच काळातील तेजीचे खापर निर्देशांकी गुंतवणुकीवर (वस्तूंच्या भाव-निर्देशांकात पैसा लावणाऱ्या फंडांवर) फोडणारे मत अमेरिकी सिनेटपुढे २००८ मध्ये फंड-व्यवस्थापक मायकेल मास्टर्स यांनी मांडले. नंतरच्या बहुतेक सांख्यिकीय अभ्यासांत त्याला भक्कम आधार मिळालेला नाही.

बातमीचे शब्द किती बारकाईने वाचले जातात हे पामतेलाने दाखवले. २२ एप्रिल २०२२ रोजी इंडोनेशियाने खाद्यतेल निर्यातबंदी जाहीर केली. तीन-चार दिवसांत ती फक्त शुद्ध पामोलीनपुरती (पामतेलाच्या द्रव भागापुरती) असल्याचे सांगण्यात आले आणि भाव नरमला. २७ तारखेला कच्चे तेलही तीत आले आणि तो पुन्हा उसळला. शिकागोचे सोयातेल महिनाअखेर पाउंडाला ९० सेंटांच्या विक्रमी पातळीला टेकले. बंदी २३ मे रोजी उठली. युक्रेनचे धान्य जहाजांनी बाहेर नेऊ देणाऱ्या काळ्या समुद्रातील धान्य-करारातून (२२ जुलै २०२२ – १७ जुलै २०२३) रशियाने २९ ऑक्टोबर २०२२ ला, शनिवारी, अंग काढले. बाजार पुन्हा उघडताच गहू ५ टक्क्यांहून अधिक चढला. बुधवारी रशिया परतला आणि ती चढण बहुतेक पुसली गेली.

तेलबियांतील विशेष : सोयाबीनच्या गाळपातून वजनाच्या सुमारे १८–१९ टक्के तेल आणि उरलेल्यातील बहुतांश पेंड मिळते. दोघांच्या बातम्या वेगळ्या : पेंडीला पशुपालनाची, तेलाला पामतेल व जैवइंधन-धोरणाची. तेल चढत असताना पेंड पडू शकते. कॅनडातील कॅनोला (मोहरीवर्गीय बी) २०२१ च्या दुष्काळात विक्रमी भावाला गेला. सूर्यफूल मुख्यतः युक्रेन व रशियातील बातम्यांवर हलते.

वाहतूक : नदीचे पाणी घटले की एकाच बातमीचे दोन विरुद्ध परिणाम होतात. ऑक्टोबर २०२२ मध्ये अमेरिकेतील मिसिसिपी नदीची पातळी खालावून बार्जचे (सपाट मालनौकांचे) भाडे विक्रमी झाले. नदीकाठच्या गोदामांत शेतकऱ्याला मिळणारा भाव उतरला आणि समुद्रमुखावर तोच माल महागला. दक्षिण अमेरिकेतील पाराना नदीत २०२१ मध्ये पाणी ओसरल्यावर अर्जेंटिनातील रोसारिओच्या बंदरांतून जहाजे कमी भरून सोडावी लागली.

ज्वारी, बाजरी यांना तुल्य असा जागतिक वायदेबाजार नसल्याने त्यांचे भाव मक्याच्या व गव्हाच्या अनुषंगाने, बरेचसे स्थानिक आवकेवर ठरतात.