स्त्रीचे हस्तमैथुन : शरीरक्रिया आणि कोकणातील संदर्भ

स्त्रीने जोडीदाराशिवाय, स्वतःच्या स्पर्शाने लैंगिक सुख घेणे म्हणजे स्त्रीचे हस्तमैथुन. वैद्यकशास्त्र याला रोग मानत नाही. शरीराचा प्रतिसाद समागमातला असतो तोच. गती आणि दाब आपल्याच हातात असल्याने कामपूर्तीपर्यंत, म्हणजे लैंगिक सुखाच्या परमोच्च क्षणापर्यंत, पोहोचणे मात्र बऱ्याच जणींना सोपे जाते.

या प्रतिसादाचे प्रयोगशाळेतील मोजमाप अमेरिकेत विल्यम मास्टर्स आणि व्हर्जिनिया जॉन्सन यांनी केले आणि १९६६ मध्ये प्रसिद्ध केले. उत्तेजना, पठारावस्था, कामपूर्ती आणि शमन असे चार टप्पे त्यांनी पाडले. ही विभागणी जरा ठोकळेबाजच आहे, प्रत्यक्षात शरीर इतके शिस्तीत चालत नाही. निरीक्षणे मात्र आजही उपयोगी आहेत.

उत्तेजना येताच जननेंद्रियांकडचा रक्तप्रवाह वाढतो. योनीच्या भिंतीतल्या सूक्ष्म रक्तवाहिन्यांतून द्रव पाझरतो आणि अर्ध्या मिनिटाच्या आतही ओलावा जाणवू शकतो. योनीचा आतला भाग रुंदावतो, गर्भाशय वर ओढले जाते, स्तनाग्रे ताठरतात, काहींच्या छातीवर आणि मानेवर लाली चढते. शिश्निका, म्हणजे योनिमुखाच्या वर असलेला अतिसंवेदनशील अवयव (क्लिटोरिस), फुगते. बाहेरून ती वाटाण्याएवढी दिसते, पण तिचा बराचसा भाग आत असतो : जघनास्थीला (ओटीपोटाखालच्या पुढच्या हाडाला) धरून दोन्हीकडे गेलेल्या दोन शाखा आणि योनिमुखाच्या दोन्ही अंगांचे फुगीर ऊतक. ही रचना ऑस्ट्रेलियातील शल्यविशारद हेलन ओ'कॉनेल यांनी १९९८ मध्ये शवविच्छेदनाच्या आधारे नीट मांडली. केवळ योनिप्रवेशाने अनेकींची कामपूर्ती का होत नाही, हे या रचनेवरून कळते.

कामपूर्तीच्या थोडे आधी शिश्निका आपल्या आवरणाखाली मागे सरकते. उत्तेजना ओसरली असे त्यावरून वाटू शकते. खरे तर ती तेव्हा शिगेला पोहोचत असते. मग योनीचा बाहेरचा भाग, गर्भाशय आणि गुदद्वाराचे स्नायू सुमारे ०.८ सेकंदाच्या अंतराने आकुंचन पावतात. सुरुवातीची आकुंचने जोरकस असतात, नंतरची विरळ आणि सौम्य. नाडी व श्वास वेगावतात, पायाची बोटे आखडतात. ऑक्सिटोसिन आणि प्रोलॅक्टिन ही संप्रेरके वाढतात, पाठोपाठ सैलावल्यासारखे वाटते, झोपही येते. पुरुषांना मध्ये विश्रांती घ्यावीच लागते, तशी सक्ती स्त्रियांना नसल्याने काही जणींना लागोपाठ कामपूर्ती होते. काहींना ती होतच नाही, आणि तरीही त्यांना सुख मिळते. पाळीतल्या ओटीपोटाच्या दुखण्याला यामुळे उतार पडतो, असाही काहींचा अनुभव असतो.

कोकणात या विषयावरचे मौन एकतर्फी आहे. शिमग्याला पुरुषांच्या तोंडी अचकटविचकट बोलणे रूढीनेच माफ होते. बाईला तशी मुभा नाही. घरचा पुरुष चाकरमानी म्हणून मुंबईला, गणपतीला आणि शिमग्याला येणार. मागे राहिलेली बायको माजघरात सासू, जावा आणि मुलांमध्ये निजणार, अशी कित्येक पिढ्यांची घडी. तिच्या शरीरालाही इच्छा असते हे कुणी विचारात घेतले नाही, आणि एकांत तर मिळणेच अवघड होते.

या विषयावर मराठीत उघडपणे लिहिणारे रघुनाथ धोंडो कर्वे (१८८२–१९५३) हे दापोली तालुक्यातील मुरूडच्या कर्वे घराण्यातले. १९२७ मध्ये सुरू केलेल्या 'समाजस्वास्थ्य' मासिकात ते वाचकांच्या लैंगिक शंकांना थेट उत्तरे देत. अशाच उत्तरांवरून १९३४ मध्ये त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. बचावाला डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले, तरी शिक्षा टळली नाही.

हस्तमैथुनाने अशक्तपणा येतो, अंगावरून पांढरे जाते, मूल होत नाही, हे समज निराधार आहेत. थोडा पांढरट, वास नसलेला स्राव नैसर्गिकच असतो. खाज, आग किंवा दह्यासारखा घट्ट स्राव असेल तर बहुधा बुरशीचा संसर्ग असतो. पावसाळ्यातल्या दमट हवेत तो बळावतो, त्यात आतले कपडे कुणाला दिसू नयेत म्हणून दुसऱ्या कपड्याखाली झाकून वाळत घालण्याची पद्धत. ते दमटच राहतात आणि तसेच अंगावर चढतात. हात स्वच्छ आणि नखे कापलेली असावीत, वापरायची वस्तू धुतलेली असावी. गुदद्वाराला लागलेला हात किंवा वस्तू न धुता योनीकडे नेऊ नये. पाळी गेल्यानंतर इस्ट्रोजेन हे संप्रेरक घटून कोरडेपणा येतो, तेव्हा औषधाच्या दुकानात मिळणारे पाण्यावर आधारित (तेल नसलेले) वंगण वापरता येते. दुखत असेल किंवा रक्त जात असेल, तर स्त्रीरोगतज्ज्ञाकडून तपासून घ्यावे.