शिराताकी

शिराताकी : कोन्याकू या वनस्पतीच्या कंदाचे पीठ पाण्यात फुगवून, चुन्याच्या निवळीत थिजवून तयार केलेली पांढरट, अर्धपारदर्शक व चिवट शेवई. हा पदार्थ मूळचा जपानी असून गव्हाच्या नूडल्स व पास्ता यांना कमी कॅलरींचा आणि अत्यल्प कर्बोदकांचा पर्याय म्हणून तो गेल्या काही दशकांत जपानबाहेर विकला जाऊ लागला. जपानी स्वयंपाकात मात्र शिराताकी हा नूडल्सचा बदली पदार्थ नव्हता. सुकियाकी या जपानी पदार्थात गोमांस, टोफू व कांद्याच्या पातीबरोबर, किंवा निकुजागा या मांस-बटाट्याच्या रस्स्यात, ती भाजीसारखीच पडते.

कोन्याकू (ॲमॉर्फोफॅलस कोंजाक) ही ॲरेसी कुलातील वनस्पती असून सुरण आणि कोकण-ठाणे भागात पावसाळ्याच्या तोंडाशी येणारे शेवळे ही तिच्याच प्रजातीतील आहेत. तिचा कंद लागवडीनंतर दर हिवाळ्यापूर्वी काढून उबदार जागी साठवतात व वसंतात पुन्हा लावतात. विक्रीयोग्य आकार येण्यास परंपरेने सुमारे तीन वर्षे लागतात. जपानच्या एकूण उत्पादनापैकी नव्वद टक्क्यांहून अधिक वाटा एकट्या गुन्मा प्रांताचा असून तेथील शिमोनिता हे गाव या कंदासाठी प्रसिद्ध आहे. सुरणात साठा असतो तो मुख्यतः स्टार्चचा, कोन्याकूत ग्लुकोमॅनन या बहुशर्करेचा. त्यामुळे आप्तसंबंध असूनही सुरणापासून शिराताकी होत नाही. खाजरेपणा मात्र दोघांत समान आहे. कॅल्शियम ऑक्झॅलेटचे सुईसारखे स्फटिक हे त्याचे कारण असून सुरणाला चिंच वा कोकम लावण्याची आणि शेवळाच्या भाजीत काकडे (एका रानझाडाची आंबट फळे) घालण्याची आपल्याकडील रीत त्यावरीलच उपाय होय.

उगम व इतिहास : कोन्याकूच्या खाद्योपयोगाचा सर्वांत जुना म्हणून सांगितला जाणारा उल्लेख चिनी कवी झुओ सी याच्या तिसऱ्या शतकातील राजधानीवर्णनपर काव्यात, शू म्हणजे आजच्या सिचुआन प्रदेशाच्या वर्णनात येतो. तेथील मळ्यांतील पिकांच्या यादीत ‘जू-रुओ’ ही दोन अक्षरे आहेत. ती एका वनस्पतीचे जोडनाव मानावी की दोन वेगळ्या वनस्पतींची नावे, याबद्दल मतभेद आहे. लिऊ क्वी याच्या नावे असलेल्या जुन्या टीकेत पहिल्या अक्षराचा अर्थ झाडावर चढणारी, मिरीच्या वर्गातील वेल असा दिला असून दुसऱ्या अक्षराखाली मोठ्या पांढऱ्या कंदाचे वर्णन आहे. हा कंद राखेच्या पाण्यात शिजवला की थिजतो, तो आंबट सिरक्यात घालून खातात व शू येथील लोकांना तो प्रिय आहे, असे टीकाकार म्हणतो. अल्कधर्मी पाण्यात थिजणे हा कोन्याकूचा विशेष गुण असल्याने वर्णन त्याचेच आहे याबद्दल फारसा संशय राहत नाही. दोन वनस्पती मानणारे मत त्यामुळे अधिक ग्राह्य वाटते. पुढील काळात मात्र ही दोन अक्षरे मिळून कोन्याकूचे नाव म्हणून रूढ झाली आणि जपानी भाषेतही तशीच गेली.

कोन्याकू जपानमध्ये केव्हा पोहोचला याविषयी दोन मते आहेत. बौद्ध धर्माबरोबर, साधारणतः सहाव्या शतकात, तो औषध म्हणून आला असे लोकप्रिय लेखनात सर्रास म्हटले जाते. अळूवर्गीय कंदांबरोबर तो त्याही पूर्वी, प्रागैतिहासिक जोमोन काळात आला असावा असे दुसरे मत आहे. लेखी पुराव्यापुरते बोलायचे तर दहाव्या शतकातील ‘वाम्यो रुइजुशो’ या कोशापासून सुरुवात करणे अधिक सुरक्षित होय. परंतु तेथील मजकूर उपरोक्त चिनी टीकेवरच आधारलेला दिसत असल्याने त्यावरून जपानी लोक त्या काळी हा पदार्थ नित्य खात होते, असा निष्कर्ष घाईचा ठरेल. मठांतील शाकाहारी स्वयंपाकात त्याला पुढे स्थान मिळाले.

ताजा कंद जड, थंडीत नासणारा आणि केवळ हंगामात मिळणारा असल्याने कोन्याकू दीर्घकाळ स्थानिक पदार्थच राहिला. कंदाच्या चकत्या वाळवून दळण्याची रीत हिताची प्रांतातील नाकाजिमा तोएमोन या शेतकऱ्याने १७७६ च्या सुमारास शोधली असे मानतात. दळणातील हलका, स्टार्चयुक्त व खाजरा भुसा वाऱ्याने उडून जातो आणि ग्लुकोमॅननचे जड कण मागे राहतात, हे या रीतीचे मर्म होय. पीठ टिकाऊ व वाहतुकीस सोपे असल्याने कोन्याकू शहरांत पोहोचला व १८४६ मध्ये केवळ कोन्याकूच्या शंभर पाककृतींचे ‘कोन्याकू ह्याकुचिन’ हे पुस्तक निघाले. (याच पिठाच्या खळीने चिकटवलेल्या कागदी फुग्यांतून जपानने १९४४–४५ मध्ये अमेरिकेवर बाँब सोडले होते; पाककृतींशी त्याचा संबंध नसला तरी खळीच्या चिवटपणाची त्यावरून कल्पना येते.)

शेवईच्या रूपाबाबत पूर्वेकडील कांतो व पश्चिमेकडील कान्साई या भागांत फरक होता. कांतोत मऊ लगदा बारीक भोकांतून थेट गरम चुनापाण्यात सोडत आणि तिला शिराताकी म्हणत. कान्साईत थिजलेल्या वडीच्या सळ्या कापत आणि त्यांना इतो-कोन्याकू म्हणत. आज दोन्ही प्रकार यंत्राने भोकांतून दाबूनच करतात. शिराताकी बारीक व पांढरी, इतो-कोन्याकू काहीसा जाड व पुष्कळदा समुद्रशैवलाच्या पुडीमुळे करडा, एवढाच भेद बहुधा उरला आहे.

घडण : ग्लुकोमॅनन ही मॅनोज व ग्लुकोज या शर्करांची, साधारण १.६ ला १ या प्रमाणातील लांब साखळी असून तिच्यावर अधूनमधून ॲसिटिल गट असतात. हे गट साखळ्यांना एकमेकींजवळ येऊ देत नाहीत; म्हणून तिसेक पट पाण्यात कालवलेले पीठ फुगून नुसता दाट चिकट लगदा होतो, थिजत नाही. चुन्याची निवळी घालून तापवल्यावर ॲसिटिल गट सुटतात, साखळ्या ठिकठिकाणी जोडल्या जाऊन पाणी धरून ठेवणारे जाळे बनते. जिलेटिन किंवा अगर-अगर पुन्हा तापवल्यावर वितळतात, तसे हे जाळे वितळत नाही, उलट घट्ट होते, आणि शिराताकीच्या स्वयंपाकातील जवळजवळ सर्व नियम या एका गुणातून निघतात. गव्हाची शेवई शिजून मऊ पडते व पाण्यात स्टार्च सोडते. शिराताकी कितीही उकळली तरी विरघळत नाही, रस शोषत नाही आणि रस्सा दाट करण्यास तिची मदत होत नाही.

पाककृती : शिराताकी बहुधा अल्कधर्मी पाण्यासह पाकीटबंद मिळते. पाकीट फोडताच मासळीसारखा उग्र वास येतो. तो पिठातील ॲमाइन द्रव्यांचा व चुन्याचा असून पदार्थ नासल्याचे चिन्ह नव्हे. चाळणीत ओतून ती वाहत्या पाण्याखाली चोळून धुतात, दोन-तीन मिनिटे उकळत्या पाण्यात ठेवून निथळतात आणि मग तेल न घालता कोरड्या कढईत परततात. प्रथम वाफ निघते, मग तळाशी चर्र आवाज होतो आणि अखेरीस शेवई उलथन्याखाली रबर घासल्यासारखी कुरकुरू लागते. ही खूण दिसेपर्यंत परतणे हाच खरा कौशल्याचा भाग असून पाश्चात्त्य पाककृतींत तोच वारंवार गाळला जातो. पृष्ठभागावरील पाणी उडाल्याशिवाय सोया सॉस, मिरिन (स्वयंपाकातील गोडसर जपानी तांदूळमद्य) वा कोणतेही मसाले तिला धरत नाहीत आणि ताटलीत पाणी सुटते. शेवया लांब व न तुटणाऱ्या असल्याने कात्रीने दोन-तीन ठिकाणी कापणे सोयीचे असते.

रस आत मुरत नसल्याने पातळ टोमॅटो रस्स्यापेक्षा तीळकूट, शेंगदाण्याचे वाटण, अंडे, चीज किंवा कॉर्नफ्लोअरने दाट केलेला सॉस तिला अधिक मानवतो. गोठवल्यास जाळ्यातील पाणी बाहेर पडून ती स्पंजासारखी व रबरी होते. सुकियाकीत ती मांसाशेजारी ठेवू नये, चुन्याने मांस निबर होते, असा जपानी घरांतील जुना दंडक आहे. कोन्याकू उत्पादकांच्या संघटनेने चाचण्यांच्या आधारे तो अमान्य केला आहे.

आहारमूल्य : शिराताकीत सुमारे ९६–९७ टक्के पाणी असते. जपानी अन्नघटक कोष्टकांनुसार १०० ग्रॅममध्ये सुमारे ७ किलोकॅलरी व ३ ग्रॅम कर्बोदके असून ती जवळजवळ सर्व तंतुमय असतात. तेवढ्याच शिजवलेल्या स्पॅगेटीत सुमारे दीडशे किलोकॅलरी असतात. प्रथिने नगण्य असल्याने ती अंडी, टोफू, मासे वा मांस यांतून घ्यावी लागतात. युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१० मध्ये, कमी ऊर्जेच्या आहाराबरोबर दररोज तीन वेळा १–१ ग्रॅम ग्लुकोमॅनन जेवणापूर्वी भरपूर पाण्यासह घेतल्यास वजन कमी होण्यास मदत होते, हा दावा ग्राह्य धरला. मात्र हे मत शुद्ध ग्लुकोमॅननविषयी आहे, शेवईच्या थाळीविषयी नाही. नीट न चावता खाल्ल्यास आतड्यात गोळा होऊन अडथळा आल्याची प्रकरणे वैद्यकीय वाङ्मयात नोंदलेली आहेत. कोन्याकूच्या छोट्या कपांतील जेलीवर युरोपीय संघाने घातलेली बंदी घशात अडकून गुदमरण्याच्या घटनांमुळे होती. ती शेवईला लागू नाही.

इतर पर्याय : अमेरिकी बाजारात टोफू मिसळलेली शिराताकी मिळते; ती अधिक मऊ, अपारदर्शक व कमी रबरी असते. समुद्रशैवलापासून केलेली शेवई सोडियम अल्जिनेटवर थिजते, कच्चीच कुरकुरीत खाल्ली जाते. झुकिनीच्या सालकाढ्याने काढलेल्या सळ्या ही केवळ भाजी होय. भारतातील मोठ्या शहरांत व ऑनलाइन दुकानांत शिराताकी मुख्यतः मधुमेही व कीटो आहार घेणाऱ्यांसाठी म्हणून विकली जाते. ती वनस्पतिजन्य असली तरी कंदापासून होत असल्याने कंदमूळ वर्ज्य मानणाऱ्या जैन आहारात बसत नाही.