कार्ब्स, जेवणाची वेळ आणि अंगावरची चरबी

कार्ब्स म्हणजे कर्बोदकं, भाकर, पोळी, भात, आलू, साबुदाणा, साखर यातून मिळणारी ऊर्जा, १ ग्रॅमला साधारण ४ कॅलरी. ते किती खाल्ले आणि केव्हा खाल्ले यावरून अंगातलं चरबी-स्नायूचं प्रमाण बदलतं का, तर एकूण किती खाल्लं यानं बदलतं, वेळेनंही थोडंफार, पण लोक समजतात तेवढं नाही.

खाल्लेला स्टार्च ग्लुकोज होऊन रक्तात येतो, इन्सुलिन या हार्मोनच्या मदतीनं स्नायूत आणि लिव्हरमध्ये ग्लायकोजन म्हणून साठतो. लिव्हरमध्ये १०० ग्रॅमच्या आसपास, सगळ्या स्नायूंत मिळून ३०० ते ५०० ग्रॅम. जास्तीच्या कार्ब्सची थेट चरबी माणसात कमीच बनते, होतं असं की शरीर आधी ग्लुकोज जाळत बसतं आणि जेवणातलं तेल तसंच साठवून टाकतं, त्यामुळे बसस्टँडवरच्या कचोरीचं पाप भाकरीच्या माथी मारण्यात अर्थ नाही.

ग्लायकोजनच्या प्रत्येक ग्रॅमसोबत साधारण ३ ग्रॅम पाणी धरलेलं असतं. भात-पोळी बंद केली की पहिल्याच आठवड्यात काटा दीड-दोन किलोनं खाली येतो तो मुख्यतः हे पाणी गेल्यामुळे, आणि एखाद्या लग्नात पंगतीत बसलं की परत येतो तोही पाण्यानंच, तेवढ्यावरून चरबी गेली किंवा चढली असं काही नसतं. २०१८ च्या डाएटफिट्स नावाच्या अमेरिकन अभ्यासात ६०९ जणांना वर्षभर पाहिलं, कमी फॅटवाल्यांचं वजन सरासरी ५.३ किलो उतरलं, कमी कार्ब्सवाल्यांचं ६ किलो, म्हणजे सांगण्यासारखा फरक नाहीच.

आता वेळ. सकाळी इन्सुलिन चांगलं काम करतं, तोच भात रात्री खाल्ला तर शुगर जास्त चढते आणि उतरायलाही वेळ लागतो, हे खरं. पण दिवसाच्या कॅलरी सारख्या असल्या की चरबीत फारसा फरक दिसत नाही. रात्रीचं खाणं अंगी लागतं ते बहुतेक वेळा जेवण झाल्यावर टीव्हीसमोर जो चिवडा संपतो त्यानं. आणि सात वाजता जेवून घ्या हा सल्ला गावात चालणार कसा, शेतीची लाईट रात्री असली की माणूस बाराला टॉर्च घेऊन गव्हाच्या ओलितावर जातो, थंडीत दांड फोडत फिरतो, त्याला दोन भाकरी अन् बेसन पोटात लागतंच.

विदर्भात अकोला-बुलडाण्याकडे ज्वारी, भंडारा-गोंदियाकडे भात असा जुना फरक आहे. १०० ग्रॅम ज्वारीत फायबर १० ग्रॅमच्या घरात, पॉलिश तांदळात ३ च्याही खाली, म्हणून भाकरीनं पोट लवकर भरतं. पण खरा बदल ताटापेक्षा कामात झालाय. निंदण, वखरणी, कापूस वेचणी करणाऱ्याला जेवढा भात लागायचा तेवढाच आता तणनाशक अन् ट्रॅक्टरवाल्या घरातही वाढला जातो, बांधापर्यंत जायलाही गाडी, मग पोट सुटणारच. त्यात आपली भारतीय ठेवणच अशी की हातपाय बारीक पण आत चरबी जास्त, पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी हे नीट मांडलं, २००४ च्या लॅन्सेट या वैद्यकीय मासिकातल्या लेखात त्यांचा अन् त्यांच्या इंग्लंडमधल्या सहकाऱ्याचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा आकडा, सारखाच २२.३, पण याज्ञिकांची चरबी २१.२ टक्के अन् सहकाऱ्याची ९.१.

पोलीस भरतीच्या पोट्ट्यांना मात्र वेळेचा थोडा उपयोग आहे. सकाळी १६०० मीटरची प्रॅक्टिस अन् संध्याकाळी पुन्हा ग्राउंड असेल तर धावल्यावर लवकर केळी, पोहे, वरण-भात खाल्लेला बरा, तेव्हा स्नायू ग्लायकोजन झपाट्यानं भरतात. दिवसातून एकदाच धावत असाल तर पुढच्या दिवसापर्यंत नेहमीच्या जेवणानं ते भरून निघतं, त्यासाठी महागाचा पावडरचा डबा विकत घ्यायची गरज नाही. स्नायू वाढतात ते व्यायाम अन् प्रोटीननं, त्यासाठी तुरीचं वरण, चना, अंडी, दूध आहेच.

शुगरची गोळी किंवा इन्सुलिन चालू असलेल्यानं कोणाचं ऐकून रात्रीचं जेवण एकदम बंद करू नये, शुगर खाली जाऊन चक्कर, घाम, बेशुद्धी येऊ शकते, डॉक्टरला विचारून आधी डोस बदलून घ्यावा लागतो.