भेगेत सोनं ओततात का?

‘जपानी लोक फुटलेल्या भांड्याच्या भेगांत वितळलेलं सोनं ओततात’ हा मजकूर बोन्सायच्या कुंडीच्या फोटोसह वर्षानुवर्षं फिरतोय. सोनेरी रेघ पाहिली की तसं वाटणं साहजिक आहे.

पण सोनं वितळतं १०६४ अंशांना. तसा रस ओतला तर कुंडी आणखी तडकेल. शिवाय सोनाराची मूस मातीचीच असते आणि सोनं तिला चिकटून बसत नाही. हे कुठल्याही पेढीवर विचारून बघा.

तुकडे जोडतो तो उरुशी नावाचा झाडाचा चीक, कणकेत कालवलेला. हे झाड आपल्या बिब्ब्याच्या कुळातलं, म्हणून कच्चा चीक अंगावर तसाच उततो. तो उन्हात नव्हे, दमट हवेत धरतो आणि पक्का व्हायला कित्येक दिवस घेतो. मग रेघेवर चिकाचा पातळ हात द्यायचा आणि तो चिकट असतानाच सोन्याची पूड भुरभुरायची. सोनं फक्त वरवर!

अस्सल काम जवळून पाहा. वापरात झिजलेल्या जागी सोन्याखालचा तांबडा किंवा काळा थर डोकावतो.

कुंडीच्या बाबतीत एक लक्षात ठेवा: कडक उन्हाने उरुशी खराब होते. जोडलेली कुंडी सावलीतच ठेवा.