जुन्या मागाची शेड वाकडी उघडते? दोऱ्यांना हात लावण्याआधी हे वाचा

जुना हातमाग विकत घेतलेल्या आणि वह्या (धागे वर-खाली करणाऱ्या, डोळे असलेल्या चौकटी), फण्या (धागे ठरावीक अंतरावर ठेवणारे दाते), दोऱ्या आमच्याकडून नेणाऱ्या ग्राहकांसाठी हे पत्रक आहे. फोनवर सगळ्यात जास्त येणारी तक्रार अशी: पावडी (पायाने दाबायची पट्टी) दाबली की धागे सारखे वर-खाली होत नाहीत, धोटा (आडवा धागा नेणारा) मध्येच अडतो, नाहीतर भलत्याच धाग्यांखाली शिरतो. पाठोपाठ दुसरं वाक्य येतं, "म्हणून मी सगळ्या दोऱ्या सोडून परत बांधल्या." आता मूळ दोष कुठला आणि नव्या बांधणीतला कुठला, हे आम्हालाही फोनवरून सांगता येत नाही. तेव्हा विनंती एवढीच की गाठी सोडण्याआधी शेड, म्हणजे धोटा जाण्यासाठी धाग्यांमध्ये उघडणारी फट, नेमकी कुठे बिघडते ते बघा.

चांगली शेड ओळखायची खूण सोपी आहे. वर गेलेले सगळे धागे एका पातळीत हवेत आणि खाली गेलेले सगळे दुसऱ्या पातळीत. खालचे धागे हात्याच्या (फणी धरून पुढे-मागे झुलणाऱ्या भागाच्या) ज्या फळीवरून धोटा धावतो, तिला जेमतेम टेकलेले असावेत. फळीवर दाबले गेले तर ते घासून तुटतात, आणि फार वर राहिले तर धोटा त्यांच्याखाली जातो.

बघायचं कसं? पावडी दाबून तिच्यावर वीट ठेवा, म्हणजे दोन्ही हात मोकळे राहतील. मोबाइलचा टॉर्च लावून तो फळीच्या एका टोकाला उभा धरा आणि शेडच्या आतून आरपार फोटो काढा. वरून वाकून बघताना सगळं ठीक वाटतं, पण आडव्या फोटोत लोंबणारा एकेक धागा दिसतो. प्रत्येक पावडीचा वेगळा फोटो घ्या. मग विचारा: बिघाड डाव्या किंवा उजव्या एकाच बाजूला आहे, की पन्ह्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ठरावीक अंतराने धागे खाली आहेत, की इकडे चार-तिकडे दोन असे विखुरलेले धागेच तेवढे चुकतायत? आणि हे सगळ्या पावड्यांवर होतं, की एखाद्याच पावडीवर?

एक बाजू बरी, दुसरी अर्धवट

अशा वेळी आधी जमीन तपासा. फ्लॅटमधले बरेच ग्राहक बंद केलेल्या बाल्कनीत माग मांडतात, आणि बाल्कनीच्या फरशीला पाणी जाण्यासाठी उतार दिलेला असतो. अख्खा माग सारखा कलला तर शेडचं फारसं बिघडत नाही. पण चारातला एक पाय अधांतरी राहिला की हात्याच्या प्रत्येक ठोक्याला चौकट पिळते. खड्डामागाचे खांब जमिनीत गाडलेले असल्याने त्याला ही अडचण येत नाही, फरशीवर उभ्या फ्रेममागाला मात्र येते. अधांतरी पायाखाली प्लायचा तुकडा सारा, रबर नको, कारण ते दबतं.

मग सुतळीने चौकटीचे दोन्ही कर्ण मोजा. ते सारखे भरले नाहीत तर चौकट गुण्यात (काटकोनात) नाही. टेम्पोतून आलेला माग घाईत जोडला की पाचरी सैल राहतात. त्या ठोकून बसवल्या की बरेचदा गाडी रुळावर येते. तरीही फरक उरला तर वह्या ज्याला टांगलेल्या असतात त्या वरच्या रोलरवर पाणसळ ठेवा आणि वहीच्या दोन टोकांच्या दोऱ्यांची लांबी ताडून बघा.

एकाच वहीचे सगळे धागे खाली किंवा वर

ठरावीक अंतराने धागे चुकतात ते असे. इथे खरा दोष दोरीचा असतो. सुती दोरी पावसाळ्यात दमट हवेने आखडते आणि उन्हाळ्यात सैल पडते. नायलॉनची दोरी ताणाखाली हळूहळू लांबत जाते. जुन्या मागावर अर्ध्या दोऱ्या सुती आणि अर्ध्या नायलॉनच्या, असं कडबोळं आम्ही सर्रास बघतो. मग जूनमध्ये लावलेली शेड दिवाळीला कशी टिकेल? एका मागाला एकाच जातीची दोरी लावा. आम्ही विणीची पॉलिएस्टर दोरी सुचवतो. ती महाग पडते, पण फारशी हलत नाही.

वह्या समतल करायची पद्धत अशी. ताण्याचा, म्हणजे उभ्या धाग्यांचा, ताण सैल करा. दोन सरळ काठ्या घ्या आणि सगळ्या वह्यांच्या वरच्या दांड्यांवर, एक डाव्या टोकाला, एक उजव्या टोकाला, आडव्या ठेवून बांधून टाका. आता चारही वह्या एका पातळीत जखडल्या गेल्या. मगच कप्प्यांच्या, रोलरच्या आणि पावड्यांच्या दोऱ्या एकेक करून अशा आवळा की कुठलीही दोरी ढिली नाही आणि कुठलीही ताठलेली नाही. शेवटी काठ्या सोडा.

गाठ पक्की मारू नका, सरकती मारा. पावडीकडून येणाऱ्या दोरीचा फास वळवून घ्या, वहीकडून येणाऱ्या दोरीची दोन टोकं त्यातून ओवा आणि टोकांची एकमेकांशी साधी गाठ मारा. फास थोडा सैल केला की टोकं सरकतात, म्हणजे पाव इंचाची दुरुस्ती गाठ न सोडता होते.

चारही वह्या समतल झाल्या की एकही पावडी न दाबता धागे फणीच्या उंचीच्या मधोमधून जायला हवेत. तसे नसतील तर सगळा संच एकत्र वर किंवा खाली घ्या, एकटी वही नको. हे फक्त वरच्या रोलरने किंवा कप्पीने जोडलेल्या वह्यांच्या मागाला लागू आहे. परदेशी बनावटीच्या काही मागांवर वह्या फक्त वर उचलल्या जातात आणि त्यांचे धागे विश्रांतीत मधल्या रेषेच्या खालीच असायला हवेत. अशा मागावर न उचललेल्या वह्या तरंगत असतील तर त्यांच्या खालच्या दांडीला लोखंडी पट्टी बांधून वजन द्या, किंवा ताण जरा उतरवा.

मागच्या वहीचे धागे कायम थोडे आत पडतात, अशीही तक्रार असते. त्यात बिघाड काही नाही, साधी भूमिती आहे. पुढची वही विणलेल्या कापडाच्या कडेपासून २५ सेंटिमीटरवर आणि मागची ३२ सेंटिमीटरवर असेल, तर पुढची ५ सेंटिमीटर हलते तेव्हा मागची ६.४ सेंटिमीटर हलली पाहिजे. तरच दोघींचे धागे एका रेषेत येतात. म्हणून मागची वही जास्त हलेल अशी तिची पावडी बांधा.

एखाद्याच पावडीवर बिघडतं

रोलरच्या मागावर साधी वीण आणि दोन-दोन ट्विल (तिरक्या रेषांची वीण) सुरेख चालतात, कारण दोन वह्या खाली आल्या की दुसऱ्या दोन तेवढ्याच वर जातात. एक वही खाली आणि तीन वर, अशी वीण घेतलीत की एकटी खूप खाली जाते आणि बाकी तिघी जेमतेम उचलल्या जातात. त्या मागाची घडणच तशी आहे. इथे दोऱ्या आवळत बसलात तर दोन-दोनची शेडसुद्धा घालवून बसाल. पातळ धोटा वापरा, ताण किंचित कमी करा आणि हात्या पूर्ण मागे लोटूनच धोटा फेका. एक-तीनचीच वीण नेहमी करायची असेल तर या जातीचा माग घेऊ नका, हे आम्ही विक्रीच्या वेळीच सांगतो.

विखुरलेले धागे

हे निस्तरायला वेळ लागतो, पण यात मागाचा दोष क्वचितच असतो. लोंबणारा धागा फणीपासून मागे मागे बोटाने तपासत जा. फणी आणि वही यांच्यामध्ये दोन धागे एकमेकांवर चढले असतील तर दोन्ही अडकतात. वहीच्या डोळ्यातून न जाता शेजारून गेलेला धागा वर-खाली होतच नाही. आधीच्या मालकाने तुटलेल्या जागी नवे डोळे बांधले असतील तर त्यांची उंची शेजारच्यांशी जुळते का बघा. सुताच्या जुन्या वहीत ही उंची हमखास चुकते.

दोन्ही काठांचे धागे सैल असतील तर ताण्याच्या रुळाकडे (ताणा गुंडाळलेल्या मागच्या दांड्याकडे) बघा. गुंडाळताना थरांमध्ये कागद किंवा पट्ट्या घातल्या नाहीत की काठाचे धागे खालच्या थरात घसरतात. चालू ताण्यावर तात्पुरता उपाय म्हणजे त्या धाग्यांखाली मागच्या आडव्या दांड्यावर पुठ्ठ्याची घडी सरकवणं. एकटाच धागा असेल तर मागाच्या पाठीमागे त्याला एक नट लोंबकळत ठेवा. ताण्याच्या ओळी वेगळ्या ठेवणाऱ्या दोन काठ्या वह्यांना चिकटल्या असतील तर त्या मागे ढकला, एवढ्यानेही शेड खुलते.

आता फणी. जुन्या मागासोबत आधीच्या विणकराची बारीक फणी येते. आपल्याकडे फणीचा नंबर म्हणजे २ इंचांतली घरं (दातांमधल्या फटी), म्हणजे ७२ नंबरच्या फणीत इंचाला ३६ घरं आणि घरात दोन धागे धरले तर इंचाला ७२ धागे. त्यात लोकर किंवा जाड सूत भरलं की धागे एकमेकांना घासून चिकटतात आणि शेड उघडूनही उघडत नाही. अशा सुताला २० ते २४ नंबरची फणी घ्या आणि घरात एकच धागा भरा. केसाळ सूत असेल तर ताण्याला पातळ खळ लावा.

एवढं करूनही जमलं नाही तर फोन करा. त्याआधी प्रत्येक पावडीचा आरपार फोटो, वरच्या रोलरचा एक फोटो आणि मागच्या बाजूने ताण्याच्या रुळाचा एक फोटो पाठवा, आणि फणीचा नंबर व सूत कोणतं तेही लिहा. दोऱ्या सोडल्या असतील तर तेही कळवा, रागावणार नाही. घरी येऊन दुरुस्ती करून हवी असेल तर ताणा कापू नका, चढवलेलाच ठेवा. रिकाम्या मागावर शेड तपासून काहीच कळत नाही.