संगणक बदलल्यावर ऑडिओ इंटरफेस गप्प का होतो? केबल जोडण्यापूर्वी वाचावयाचे पत्रक

आमच्याकडे दुरुस्तीसाठी येणारे यूएसबी ऑडिओ इंटरफेस (माइक किंवा वाद्याचा आवाज संगणकात नेणाऱ्या आणि परत ऐकवणाऱ्या पेट्या) पुष्कळदा बिघडलेलेच नसतात. ग्राहक नवा संगणक घेतात किंवा जुन्यावरच विंडोजची नवी आवृत्ती चढवतात आणि दुसऱ्या दिवशी ‘कालपर्यंत उत्तम चालत होता, आज संगणकाला दिसतच नाही’ असा फोन येतो. इंटरफेस आमच्या टेबलावर पोहोचतो, आम्ही तो आमच्या संगणकाला जोडतो आणि तो निमूटपणे चालू लागतो. विंडोज १० चे नियमित साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपल्यापासून हे प्रसंग वाढले आहेत, म्हणून फोनवर रोज सांगावे लागणारे सर्व येथे लिहून ठेवले आहे.

सर्वप्रथम इंटरफेसवर विनाकारण संशय घेऊ नये. हेडफोन संगणकाला न लावता इंटरफेसच्याच सॉकेटमध्ये लावावा, डायरेक्ट मॉनिटरची, म्हणजे माइकचा आवाज संगणकात न जाता थेट हेडफोनमध्ये ऐकण्याची, सोय असल्यास ती चालू करावी, गेनचे बटण हळूहळू वाढवत माइकमध्ये बोलावे. आपला आवाज हेडफोनमध्ये स्वच्छ ऐकू आला, तर माइक, माइकची केबल आणि इंटरफेसमधील प्रीअँप (माइकचा क्षीण आवाज वाढवणारा भाग) हे तिन्ही शाबूत आहेत आणि अडचण इंटरफेस व संगणक यांच्यामध्ये आहे, असे समजावे. मात्र इंटरफेसचा दिवा लागला म्हणजे यूएसबी केबल चांगली आहे, असा अर्थ काढू नये. मोबाइल चार्ज करण्यासाठी मिळणाऱ्या काही केबलमध्ये फक्त वीज वाहणाऱ्या तारा असतात. त्या लावल्यास दिवा डौलात लागतो, पण संगणकाला काहीही कळत नाही.

आता ज्या चुकीपायी ग्राहकांची आख्खी संध्याकाळ आणि आमची सकाळ जाते, त्या चुकीविषयी. नवा संगणक सुरू झाला की बहुतेक जण आधी इंटरफेस जोडतात आणि मग ड्रायव्हर, म्हणजे उपकरण आणि संगणक यांचे बोलणे जुळवणारे सॉफ्टवेअर, शोधू लागतात. यूएसबी ऑडिओ क्लास २ या पद्धतीने चालणाऱ्या उपकरणांसाठी विंडोजमध्ये २०१७ पासून स्वतःचा सर्वसाधारण ड्रायव्हर आहे, त्यामुळे अनेक इंटरफेस जोडताक्षणी ओळखले जातात, गाणीही वाजतात आणि काम झाले असे वाटते. प्रत्यक्ष रेकॉर्डिंगचे सॉफ्टवेअर उघडल्यावर त्या इंटरफेसचा आसिओ ड्रायव्हर (रेकॉर्डिंगसाठी कमी विलंबाने आवाज पोहोचवणारा) यादीत नसतो किंवा गायलेला आवाज कानात उशिरा पडतो. मग जुन्या संगणकावरून पेन ड्राइव्हमध्ये जपून आणलेली इन्स्टॉलर फाइल, इंटरफेस जोडलेला असतानाच, चालवली जाते. ती अर्धवट बसते, म्हणून पुन्हा चालवली जाते, आणि तिसऱ्या खेपेनंतर कोणता ड्रायव्हर कोणत्या आवृत्तीचा आहे, हे संगणकालाही सांगता येत नाही आणि आम्हालाही.

यावर उपाय म्हणजे क्रम पाळणे. इंटरफेसची केबल काढून ठेवावी. सेटिंग्जमधील प्रोग्रामच्या यादीतून त्या उत्पादकाचे जुने सॉफ्टवेअर काढावे. त्यानंतर डिव्हाइस मॅनेजरमध्ये लपलेली उपकरणे दाखवण्याचा पर्याय निवडून इंटरफेसच्या नावाच्या फिकट झालेल्या नोंदीही काढून टाकाव्यात. मग संगणक रीस्टार्ट करावा. येथे ‘शट डाउन करून पुन्हा चालू केला, चालेल ना?’ असा प्रश्न हमखास येतो, आणि उत्तर ‘नाही’ असे आहे. विंडोजमधील फास्ट स्टार्टअप चालू असल्यास शट डाउन करताना प्रणालीचा गाभा डिस्कवर जपून ठेवला जातो आणि पुढच्या वेळी तोच परत उचलला जातो. सर्व काही नव्याने सुरू होते ते रीस्टार्ट केल्यावरच. त्यानंतर इंटरफेसच्या तळाशी छापलेले मॉडेल आणि त्याची पिढी नीट वाचून, कारण एकाच नावाच्या दोन पिढ्यांचे ड्रायव्हर वेगळे असू शकतात, उत्पादकाच्या संकेतस्थळावरून आजचा ड्रायव्हर घ्यावा, तो बसवावा, आणि इन्स्टॉलर सांगेल तेव्हाच केबल जोडावी.

जुना ड्रायव्हर बसवू न देण्यामागे विंडोज ११ मधील मेमरी इंटिग्रिटी हे सुरक्षेचे कवचही असू शकते. ते बंद केल्यास जुना ड्रायव्हर चालतो, असा सल्ला सर्रास दिला जातो आणि तांत्रिकदृष्ट्या तो पुष्कळदा खराही ठरतो. तरीही आम्ही ग्राहकांच्या संगणकावर हे कवच बंद करून देत नाही. काहींना हा आमचा हेकेखोरपणा वाटतो. परंतु ज्या संगणकावर आपले बँकेचे व्यवहारही होतात, त्याचे कुलूप एका ड्रायव्हरसाठी काढून ठेवणे आम्हाला पटत नाही.

मॅक वापरणाऱ्यांचा अनुभव थोडा वेगळा असतो. तेथे अनेक इंटरफेस वेगळ्या ड्रायव्हरशिवाय चालतात, आणि नव्या मॅकवर सर्व काही दिसत असूनही रेकॉर्डिंगमध्ये सपाट रेघ उमटते. अशा वेळी प्रायव्हसीच्या सेटिंग्जमध्ये रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरला मायक्रोफोन वापरण्याची परवानगी दिली आहे का, ते पाहावे. इंटरफेस माइक नसला, तरी संगणकाच्या दृष्टीने त्यातून येणारा आवाज हा मायक्रोफोनचाच असतो. विंडोजमध्येही ही परवानगी असते आणि ती डेस्कटॉपवरील सॉफ्टवेअरसाठी वेगळी द्यावी लागते.

नव्या लॅपटॉपला पोर्ट कमी असतात, त्यामुळे हब येतो आणि हबबरोबर तडतड येते. यूएसबी २ च्या पोर्टमधून उपकरणाला ५०० मिलिअँपिअरपर्यंत वीज घेता येते. स्वतंत्र वीजपुरवठा नसलेल्या हबवर तीच वीज कीबोर्ड, पेन ड्राइव्ह आणि इंटरफेस यांच्यात वाटली जाते. कंडेन्सर माइकसाठी ४८ व्होल्टची फँटम पॉवर चालू करताच इंटरफेस बंद पडत असेल, तर दोष इथेच शोधावा आणि इंटरफेस थेट संगणकाला जोडावा. हब अपरिहार्य असेल, तर स्वतंत्र अडॅप्टर असलेला घ्यावा. आम्ही स्वतः वापरून पाहिलेलेच हब विक्रीस ठेवतो.

आवाज येतो, पण जुने रेकॉर्डिंग चढ्या सुरात आणि घाईने वाजते, ही तक्रार बिघाडाची नसून सॅम्पल रेटची, म्हणजे सेकंदाला आवाजाचे किती नमुने (सॅम्पल) घेतले जातात त्या आकड्याची, असते. ४४,१०० वर रेकॉर्ड केलेले गाणे रूपांतर न होता ४८,००० वर वाजले, तर ते जवळजवळ नऊ टक्के अधिक वेगाने धावते आणि काळी एकमध्ये गायलेले गाणे पांढरी दोन आणि काळी दोन यांच्या मध्येच कुठेतरी ऐकू येते. प्रोजेक्ट, सॉफ्टवेअर आणि इंटरफेसचे नियंत्रण पॅनेल या तिन्ही ठिकाणी एकच आकडा असावा. मधूनमधून आवाज तुटत असेल, तर बफर, म्हणजे संगणक एका वेळी हाताळतो तो सॅम्पलचा गठ्ठा, वाढवून पाहावा. ४८,००० वर २५६ सॅम्पलचा बफर म्हणजे सुमारे ५.३ मिलिसेकंद होतात, त्यामुळे मिक्सिंगच्या वेळी तो दुप्पट-चौपट केल्याने काहीही बिघडत नाही.

दोष न सापडल्यासही आम्ही तपासणी शुल्क का घेतो, असे विचारले जाते. इंटरफेस निर्दोष आहे हे ठरवण्यासाठी त्याचे प्रत्येक इनपुट आणि आउटपुट वेगवेगळे तपासावे लागते आणि त्याला दोषी इंटरफेसइतकाच वेळ लागतो. संगणक बदलण्यापूर्वी इंटरफेसचे मॉडेल आम्हाला कळवल्यास त्याचा नव्या प्रणालीसाठीचा ड्रायव्हर उत्पादकाने काढला आहे की नाही, हे आम्ही विनाशुल्क पाहून सांगतो. ड्रायव्हर नसेल, तर जुना संगणक इंटरनेटपासून तोडून केवळ रेकॉर्डिंगसाठी ठेवावा, हा आमचा पहिला सल्ला असतो. नव्या इंटरफेसची गोष्ट आम्ही त्यानंतर काढतो.

वरील सर्व करूनही यश न आल्यास आणखी काही काढू किंवा बसवू नये. पडद्यावर आलेल्या त्रुटीच्या संदेशाचा मोबाइलवर फोटो काढावा आणि इंटरफेससोबत संगणक, त्याचा चार्जर आणि घरी वापरात असलेलीच यूएसबी केबल आणावी. कपाटातली नवी केबल नको.